सरकारांच्या खांद्यावरच्या शंकरपाळ्या

“सतरावी रेघ दारू पिऊन गेलीया,” आबा म्हणाले.

त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताचा अंगठा माझ्या पट्टीवरून मुंगीच्या चालीनं फिरत होता. अष्टमीची दुपार होती. सकाळपासून मी कानस खाली ठेवली नव्हती, पोटात फक्त एक कप चहा होता, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं होतं.

“मला न्हाई दिसत,” मी म्हणाले.

“मलाबी न्हाई दिसत. पर मी म्हणतोय का तसं?”

मी भिंग घेतलं, पट्टी दाराच्या उजेडात धरली आणि एक एक रेघ मोजत गेले. सतरावी रेघ मधोमध केसभर डुलली होती आणि पुन्हा शुद्धीवर येऊन सरळ घरी गेली होती. असा माणूस बाप म्हणून मिळाला की खोटं बोलायची सोयच राहत नाही.

“खोल घेतलीस की सुदरंल,” आबा म्हणाले. “पर मग समद्याच तेवढ्या खोल घ्याव्या लागतील.”

“समद्या? दोन्हीकडनं मिळून दोनशेच्या वर हाईत.”

“मग हुबी का? बस की.”

आमचे आबा म्हणजे रंगनाथ जीनगर, भादवळचे रंगोबा मिस्त्री. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या आमच्या गावात आणि आसपासच्या तीस गावांत बंदूक बिघडली की ती आमच्या दुकानात यायची. पण दोन वर्षांपासून आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. “माझ्या डोळ्यात दुसऱ्याचं हत्यार जाऊ देणार न्हाई,” म्हणायचे. त्यामुळे दुकानातलं सगळं काम मीच करत होते, आणि ही गोष्ट आई, आबा आणि मी सोडून कुणाला माहीत नव्हती. आबा बाहेर ओट्यावर एक गंजका खिळा हातात धरून बसायचे आणि कानस हवेत हलवायचे. मी आत गोणपाटाच्या पडद्यामागे खरं काम करायची. मी थांबले की तेही थांबायचे. एकदा मला शिंका आल्या सलग चार, आणि बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकानं आबांना विचारलं, “मिस्त्री, तुम्ही शिंकलासा कुठनं?”

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि डावखुरी. डावखुरेपण आईला मोतीबिंदूपेक्षा मोठं दुखणं वाटायचं. “डाव्या हाताचं देवालाबी चालत न्हाई,” हे तिचं रोजचं पालुपद होतं. वाढताना, कुंकू लावताना, दिवा लावताना ती माझ्या डाव्या हातावर चापट मारायची. कामाला बसले की मात्र मी आईचं ऐकायची नाही.

ही पट्टी होती भादवळच्या इनामदारांच्या बंदुकीची. उदाजीराव सरकारांची दुनळी, त्यांच्या आजोबांपासूनची. लाकडी दस्त्याचं जे टोक खांद्याला टेकतं, त्यावर पोलादाची वीतभर पट्टी असते. ती गुळगुळीत असली तर बंदूक खांद्यावरून घसरते. म्हणून तिच्यावर आडव्यातिडव्या रेघा कोरतात, एका इंचात वीस, म्हणजे मध्ये बारीक बारीक टोकदार शंकरपाळ्या उभ्या राहतात आणि कापडाला धरून ठेवतात. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दोन रेघा एकमेकींना छेद देऊन काढायच्या, आणि पुढच्या सगळ्या त्यांच्या आधारानं. कानशीला दातांच्या दोन ओळी असतात, एक ओळ जुन्या रेघेत बसते आणि दुसरी नवी रेघ ओढते. पहिली रेघ चुकली की तिच्या मागून आलेली प्रत्येक रेघ चुकत जाते. आबा म्हणायचे, लग्नासारखं काम आहे हे. आई म्हणायची, तुम्हांला काय माहीत.

सरकारांनी हे काम सांगितलं त्याला कारण होतं. दसऱ्याला गावाच्या शिवेवर सरकार दुनळीचे दोन बार हवेत काढतात आणि मग बंदूक आपट्याच्या झाडाखाली ठेवतात. ती खाली टेकली की मगच लोकांनी सोनं लुटायचं, आधी एका पानालाही हात लावायचा नाही, ही भादवळची जुनी रीत. आदल्या वर्षी सरकारांनी पणजोबांचा जरीचा अंगरखा घातला होता. जरीवरून बंदूक सटकली, बार उडाला आणि सरकार मागच्या मागे बँडवाल्या सिकंदर मास्तरांच्या ढोलात बसले. ढोल फाटला. वर्षभर गावातली पोरं एकमेकांना ‘ढोलात बसू का’ म्हणत होती.

म्हणून सरकारांनी आबांना वाड्यावर बोलावून बजावलं होतं, “रंगोबा, यंदा काही झालं तरी बंदूक खांद्यावरून हलली नाही पाहिजे.”

आणि आबांनी घरी येऊन मला सांगितलं होतं, “सायकलवाला पवार दुकानाची जागा मागतोय. दसरा झाला की देऊन टाकावी म्हणतोय मी. पर ही पट्टी तू केलीस आणि पास झाली, तर दुकान तुझं. सरकारास्नी मी सोता सांगीन की काम पोरीचं हाय.”

“पास कोण करनार?”

“मी,” आबा म्हणाले, आणि अंगठा दाखवला.

मला ते दुकान हवं होतं. दुसऱ्या पोरींना मंगळसूत्र हवं असतं तसं मला ते वंगणाच्या डागांचं लाकडी टेबल हवं होतं. तिथे सायकलींचे पंक्चर निघणार या विचारानं मी ते दिवसातून दोनदा पुसून काढायची.

तर, सगळ्या रेघा पुन्हा खोल घेतल्या. दिवेलागणीला पट्टी आबांच्या हातात दिली. अंगठा वर गेला, खाली आला, तिरका फिरला, कडेला थांबला.

“हं,” आबा म्हणाले.

आबांचं ‘हं’ मी जन्मात तीनदा ऐकलंय. त्यातलं हे पहिलं.

“उद्या सकाळच्याला नख्या काढ,” ते म्हणाले, “मग पास का नापास सांगतो.”

नख्या म्हणजे काय तर, कानस पुढे ढकलली की प्रत्येक शंकरपाळीच्या टोकावर पोलादाचं केसाएवढं वाकडं नख उरतं. ते डोळ्यांना नीट दिसत नाही. मऊ कानस आणि पॉलिश पेपर फिरवून ती नखं घालवायची, दहा मिनिटांचं काम. सरकारांचा माणूस सकाळी आठला येणार होता, कारण खंडेनवमीच्या पूजेला बंदूक त्यांच्या देवघरात हवी होती. वेळ भरपूर होता. मी झोपले.

सकाळी उठले तर आईनं पूजा मांडलेली होती.

आमच्यात खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर बसवतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहतात, आणि दसऱ्याचं सोनं घरात येईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. दरवर्षी हे काम नऊला व्हायचं. त्या वर्षी आईला पहाटे चारलाच जाग आली होती. पाटावर सगळ्या कानशी होत्या, हातोड्या होत्या, स्क्रू पिळायचे पेचकस होते, आबांचं भिंग होतं. पॉलिश पेपरच्या गुंडाळीला कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. शेजारी विळी, अडकित्ता, माझी शिवणाची कात्री. मागे रेडिओ, त्याच्या गळ्यात माळ.

“रेडिओ कशाला?” मी विचारलं.

“त्योबी राबतोय की दिसभर.”

“आई, मला एक कानस पायजे. दहा मिन्टं.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवाची मूर्ती नारळ फोडायला मागितली. “बसल्यालं हत्यार उठवायचं? तुझ्या बाच्या आज्यानं एकदा उठवलं हुतं.”

“मग काय झालं?”

“मेला.”

“लगेच?”

“चाळीस वर्सांनी. पर मेला का न्हाई?”

मी मागच्या दारी गेले, पट्टी राखेनं घासली, मग नारळाच्या काथ्यानं घासली. पोलादाला त्याचं काय. पाय घासायची वज्री आठवली, तिची दगडी खरखर कामाला आली असती. आत जाऊन बघते तर वज्रीसुद्धा पाटावर, आणि तिला तर आईनं दोन फुलं जास्त वाहिलेली.

आबा नदीवर आंघोळीला गेले होते. पळत जाऊन त्यांना विचारता आलं असतं. त्यांनी कदाचित कानस उठवायला सांगितलं असतं, आईला गप्प बसवलं असतं. मी गेले नाही. त्याचं कारण आज सांगायला हरकत नाही. मी पट्टी उन्हात धरली होती. सकाळचं ऊन त्या शंकरपाळ्यांवर पडलं आणि एकेक टोक वेगळं चमकायला लागलं. नख्या काढल्या की ती चमक थोडी बसते, हे मला माहीत होतं. एवढं सुंदर काम मी कधी केलं नव्हतं आणि ते माझ्याच हातानं मंद करायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, कुठं काय बिघडतंय. दसरा झाला की काढू.

पेचकसही पूजेत असल्यामुळे पट्टीचे दोन स्क्रू मी जुन्या तांब्याच्या पैशानं आवळले. आठला सरकारांचा माणूस आला. त्याच वेळी आबा ओल्या धोतरानं दारात पोचले.

“झालं समदं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

आबांनी अंगठा पुढे केला होता, पण तोवर माणूस बंदूक घेऊन निघाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सारं भादवळ शिवेवर. आपट्याच्या फांद्यांचा मोठा ढीग रचलेला, त्याच्याभोवती गाव दाटीवाटीनं उभं. पाहुणे म्हणून तहसीलदार आले होते. सिकंदर मास्तर नव्या ढोलासह सरकारांपासून चांगले वीस पावलं लांब उभे होते. बार भरून बंदूक सरकारांच्या हातात द्यायचा मान आबांचा. त्यांना दिसत नाही हे कळू नये म्हणून मी आरतीचं ताट घेऊन त्यांच्या मागे चिकटून चालत होते आणि हळूच सांगत होते, “दगूड हाय. डावीकडं. आता थांबा. सरकार म्होरंच हाईत.”

सरकार दिसत होते मात्र रुबाबदार. पणजोबांचा तो जरीचा अंगरखा, वरून शेला करकचून बांधलेला, मिशा तुपानं वळलेल्या. आबांनी नुसत्या दारूची दोन काडतुसं घातली आणि बंदूक दिली. सरकारांनी ती आभाळाकडे रोखली, दस्ता खांद्यात रुतवला आणि दोन्ही बार लागोपाठ काढले. धाड, धाड. पाखरं उडाली, लोकांनी आरोळी दिली, आणि बंदूक तसूभर हलली नाही. माझी छाती भरून आली. आबांनी मान मागे वळवून मला विचारलं, “हलली?” मी म्हणाले, “न्हाई.” आबा हसले.

आता सरकारांनी बंदूक झाडाखाली ठेवायची आणि गावानं सोन्यावर तुटून पडायचं. पोरं पदर, टोप्या, पिशव्या सरसावून तयार होती. सरकारांनी बंदूक उतरवायला हात खाली घेतला. बंदूक आली नाही. त्यांनी पुन्हा ओढली. खांद्यावरचा अंगरखा तंबूसारखा पुढे आला, पण बंदूक सुटली नाही.

सरकार मोठ्या घरचे. चारचौघांत घाबरायचं नाही हे त्यांच्या रक्तातच. ते तसेच ताठ उभे राहिले, जणू अजून एखादा बार काढायचा आहे. गाव वाट बघू लागलं. सिकंदर मास्तरांना वाटलं, थोडं वाजवावं, म्हणून बँड सुरू झाला. सरकार त्यांना थांबवायला वळले, तर बंदूकही वळली. दोन नळ्या आपल्या तोंडावर बघून मास्तर नव्या ढोलामागे गेले. बँड थांबला. सरकार दिलगिरीनं गावाकडे वळले, आणि नळ्या जिथून जिथून फिरल्या तिथून तिथून माणसं वाऱ्यानं शाळू लवावा तशी खाली बसत गेली. शेवटी नळ्या तहसीलदारांवर थांबल्या. त्यांनी दोन्ही हात वर केले.

“रिकामी आहे, रिकामी आहे,” सरकार म्हणाले, आणि दात तसेच हसते ठेवून हळूच बोलले, “रंगोबा, इकडे ये.”

मी आबांना पुढे ढकललं.

“बंदूक सुटत नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे सुटत नाही. अंगरख्याला धरून बसली आहे.”

आबांनी हात जोडले. “सरकार, तुमीच सांगितलं हुतं, हलली न्हाई पायजे.”

“रंगोबा, आता थट्टा करू नकोस.”

मला कळलं होतं काय झालं ते. बारांच्या दणक्यानं शंकरपाळ्यांची टोकं जरीत घुसली होती आणि हजारभर नख्यांनी एकेक जरीची तार पकडून ठेवली होती. मी न काढलेल्या नख्या. मनातल्या मनात सायकलवाला पवार माझ्या टेबलावर हवा भरायचा पंप ठेवू लागला.

“अंगरखा उतरवा की सरकार,” आबा म्हणाले. “हितं चादर धरू आडवी.”

“ते शक्य नाही.”

“मग कातरीनं तेवढंच कापू या?”

“पणजोबांना महाराजांनी दिलेला आहे. कापशील तर तुझा हात कापीन.” सरकारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. “आणि उतरवायचा नाही, कारण आमचे पणजोबा बारीक होते. आम्ही यात मावत नाही. पोट आत बसावं म्हणून आत आमच्या बाईसाहेबांचं लुगडं गुंडाळलं आहे. हिरवं.”

मी ताटाकडे बघत राहिले. हसले असते तर ताट पडलं असतं.

आबांनी पदराखाली बाळ चाचपावं तसा दस्त्याच्या खाली हात घातला आणि अंगठा पट्टीच्या कडेवर नेला. कडेच्या दोनतीन शंकरपाळ्या जरीबाहेर होत्या. अंगठा त्यांना लागला आणि थांबला. आबांचा चेहरा मी इतक्या जवळून बघत होते की त्यांच्या मनात काय आलं ते मला शब्दांसकट कळलं.

“सोपं हाय सरकार,” ते म्हणाले. “नख्या एका बाजूला वाकल्याल्या असत्यात. उलट बाजूला सरकवलं की सुटंल.” आणि त्यांनी पट्टी हळूच उजवीकडे सरकवली.

“आई गं,” सरकार म्हणाले. नख्या आणखी आत गेल्या होत्या, बहुतेक खांद्याच्या कातडीपर्यंत.

आबा गोंधळले. त्यांनी पुन्हा उजवीकडे सरकवली. सरकारांनी पुन्हा आईची आठवण काढली. मागून लोकांचा गलका वाढला होता. कुणीतरी ओरडलं, “सरकार, दिस बुडाला.” दिवस बुडून अंधार पडायच्या आत सोनं लुटलं नाही तर ते वर्ष वाईट जातं, असं गाव मानतं. सूर्य अर्धा टेकडीआड गेलेला.

“रंगोबा, काम तूच केलंस ना?” सरकार म्हणाले. “मग नख्या कुठं वाकल्या ते तुला माहीत नाही?”

उजव्या हाताच्या माणसानं कानस ढकलली की नख्या डावीकडे वाकतात. माझ्या नख्या उजवीकडे वाकलेल्या होत्या. आबा आयुष्यभर स्वतःच्याच हातानं विचार करत आले होते, तेव्हाही तेच करत होते. मी पुढे वाकून हळूच म्हटलं असतं, “आबा, डावीकडं,” तर त्यांनी सरकवलं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. मी तोंड उघडलंच होतं. पण त्याआधी आबांच्या ध्यानात आलं. त्यांनी बंदुकीवरचा हात काढून घेतला.

“न्हाई सरकार. मला म्हाईत न्हाई,” ते मोठ्यानं म्हणाले, पुढच्या दोनचार ओळींना ऐकू जाईल एवढ्यानं. “काम मी केल्यालं न्हाई. दोन वर्सं झाली, मला दिसतच न्हाई. काम ह्या पोरीचं हाय. वच्छे, ताट ठेव आणि म्होरं ये.”

आईनं बायकांच्या घोळक्यातून “अगं बाई” म्हटलेलं मला ऐकू आलं. सरकारांचा चेहरा त्या लुगड्याच्या उलट रंगाचा झाला.

“बाईमाणसानं?” ते दातांतल्या दातांत म्हणाले. “दसऱ्याच्या हत्याराला? आजोबांपासून आमच्या शस्त्राला बाईमाणसाचा स्पर्श नाही, रंगोबा. काय केलंस हे?”

आधीच मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. त्यात हे. माझा स्वभाव मुळात तिखट आहे, आणि अपराधी वाटलं की तो जास्तच तिखट होतो. मी सरकारांच्या अगदी जवळ गेले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सरकार, हत्याराला बाईमाणसाचा हात लागला त्याचं ऱ्हाऊ द्या. तुमच्या पोटाला बाईमाणसाचं लुगडं हाय, त्याचं काय करायचं?”

सरकार माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, संपलं. दुकान गेलं, गावही गेलं. मग त्यांची मिशी हलली. मग गाल हलले. मग पोट हललं, लुगड्यासकट, आणि सरकार हसायला लागले. दाबायला गेले तर आणखी हसू यायला लागलं. हसता हसता त्यांचे ताठलेले खांदे खाली आले आणि इतका वेळ ताणून बसलेला अंगरखा सैल पडला.

“हसा सरकार,” मी म्हणाले, “थांबू नगा,” आणि डाव्या हातानं दस्ता धरून पट्टी डावीकडे सरकवली. चर्र, असा बारीक आवाज आला. बंदूक सुटून माझ्या हातात आली.

मीच ती आपट्याखाली ठेवायला निघाले होते, सरकारांनी घाईघाईनं काढून घेतली आणि स्वतः ठेवली. पुढचं कुणाला काही दिसलं नाही, कारण सगळं गाव सोन्यावर तुटून पडलं. तहसीलदार तेवढे अजून हात वर करून उभे होते. त्यांच्या हातात कुणीतरी पानं दिली.

घरी जाताना आबा माझा खांदा धरून चालत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले.

“नख्या काढल्या न्हाईस.”

“कानस पूजेत हुती.”

“मी नदीवर हुतो. नदी पूजेत हुती का?”

मी वाटेवर सांडलेली आपट्याची पानं पायानं गोळा करायला लागले.

“खरं सांग.”

“चमकत हुतं, आबा,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. “लई चांगलं झालं हुतं. मला घालवू वाटंना.”

आबांनी धोतराचा सोगा माझ्या हातात दिला, डोळे पुसायला. मग म्हणाले, “मी तुझ्याएवढा हुतो तवा मीबी एकदा न्हाई काढल्या. गिऱ्हाइकाची मिशी अडकली हुती.”

मी रडता रडता हसले.

“हसू नगंस. तू नापास हाईस.”

माझं हसू तिथेच थांबलं. गल्लीत पोरं एकमेकांना सोनं देत पळत होती.

“पर नापास झाल्याल्याला परत बसाय देत्यात,” आबा पुढे चालत म्हणाले. “म्होरच्या दसऱ्यापातुर पवाराला कळवतो, जागा रिकामी न्हाई.”

सरकारांनी चार दिवसांनी बंदूक परत पाठवली. पट्टीत जरीच्या दोन तारा अडकलेल्या होत्या, त्या मी अजून जपून ठेवल्यात. सोबत निरोप होता: नख्या काढून द्याव्यात, पोरीनंच काढाव्यात, आणि त्या दुसऱ्या विषयाची कुठे वाच्यता करू नये. मी आजवर केलेली नाही. सरकार जाऊन आता वीस वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे.

ते वर्षभर मी ओट्यावर बसून काम केलं, गोणपाटाशिवाय. आबा शेजारी बसायचे, आता हवेत कानस हलवायची गरज नव्हती, त्यामुळे त्यांना करमायचं नाही. पुढच्या अष्टमीला मी दुपारीच एका बंदुकीची पट्टी पुरी केली, नख्या काढल्या, पुन्हा काढल्या, माझ्या जुन्या रेशमी परकराच्या तुकड्यावर घासून बघितली, आणि आबांच्या हातात दिली. अंगठा फिरला. आबांनी पट्टी खाली ठेवली आणि आईकडे जेवायला मागितलं. ‘हं’ सुद्धा नाही. रात्रभर मी तळमळत होते.

सकाळी पूजा मांडली. त्या वर्षी आबा स्वतः पाटासमोर बसले. चाचपून चाचपून एकेका हत्याराला हळदकुंकू लावत गेले, कानशी, हातोड्या, पेचकस, आईनं पुढे सरकवला तेव्हा रेडिओसुद्धा. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “हात म्होरं कर.”

प्रसाद देत असतील म्हणून मी उजवा हात पुढे केला.

आबांनी तो चाचपला आणि बाजूला सारला. “ह्यो न्हवं. डावा.”

मी डावा हात पुढे केला. त्यांनी तो पाटाच्या कडेवर ठेवला, कानशींच्या रांगेत, आणि पाची बोटांना हळदकुंकू लावलं. अंगठ्याला थोडं जास्त.

“डाव्या हाताला कुंकू?” आई म्हणाली.

“हत्यार हाय त्ये,” आबा म्हणाले. “आता सोनं घरात येईपातुर त्याला कामाला लावायचं न्हाई.”

आईनं माझ्या हाताकडे बघितलं, मग आबांकडे, मग परातीतल्या कणकेकडे. “मग पुऱ्या कोन लाटनार? तिला दुसऱ्या हातानं येत न्हाईत.”

“मी लाटतो,” आबा म्हणाले आणि बाह्या वर केल्या.

त्या दिवशी पुऱ्या आबांनी लाटल्या. एकही गोल नव्हती. मी उजव्या हातानं अकरा खाल्ल्या.